सुरमईची हमी

परळ,
१० नोव्हेंबर २०२४

ति. कुशामामास,
अवधूतचा सा. न. वि. वि.

नूपुरने माझ्या अंगठ्यात रुतलेली गरी काढली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. मामा, हसू नकोस. मी अर्ध्या बोलण्यात फोन आपटतो म्हणून तू आता उचलणारच नाहीस, असं आई म्हणाली. म्हणून लिहितोय.

डिप्लोमा सोडल्यापासून मी रे रोडला जाळी, दोऱ्या, गऱ्या विकणाऱ्या दुकानात आहे, हे तुला माहीत आहेच. नूपुर वडिलांसाठी गळाची काठी घ्यायला आली. माझ्या हातून गऱ्यांचा डबा सांडला आणि वेचताना एक रुतली. ती नर्स आहे. उलटी ओढलीस तर मांस घेऊन येईल म्हणाली. टोक पुढून काढून दुकानातल्याच पकडीने तोडलं आणि वर माझ्यावरच ओरडली की मुलींसारखा डोळे काय मिटतोस. तेव्हापासून जेवण जात नाही.

आता मुद्दा. तिचे बाबा, गंगाधरकाका, दादरला राहतात, बँकेतून रिटायर झालेत. बावीस डिसेंबरला हितेंद्र नावाचा पुण्याचा इंजिनिअर तिला बघायला येतोय. त्याच्या आत काकांशी आपल्या लग्नाचं बोल, असं नूपुर म्हणते. मी सांगून टाकलंय की माझ्या मामाची आचऱ्याला होडी आहे, काकांना समुद्रात गरवायला नेतो. पंधरा डिसेंबरला पौर्णिमा आहे, पाणी भरलेलं असेल, मासेही भरपूर. तू फक्त एक कर. काकांच्या गरीला मोठी सुरमई लागली पाहिजे. नाहीच लागली तर आदल्या दिवशी लिलावात घेऊन ठेव, ते दुसरीकडे बघत असताना अडकवून देऊ.

उलट टपाली होकार दे, नाहीतर मला वेड लागेल.

तुझा,
अवधूत

आचरा,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. अवधूत यास,
कुशाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मामीने दोनदा वाचायला लावलं. गरीच्या दुकानात राहून स्वतःच गरीला लागलास, असं म्हणून ती अजून हसते आहे. पोरगी चांगली वाटते. हात न थरथरता गरी काढणारं माणूस घरात असलेलं बरं.

पण मेल्या, पौर्णिमेला कोण गरवतो? उधाणात पाणी इतकं ओढतं की दोरी जागेवर ठरत नाही. अष्टमीला ये, आठ डिसेंबरला. तेव्हा पाणी संथ असतं. उन्हाची टोपी आण, इथे डिसेंबरातही पाठ भाजते.

मेलेली सुरमई मी कुणाच्या गरीला अडकवणार नाही. आपल्या होडीचा रिवाज तू विसरलास. पहिला मासा लागेपर्यंत होडीत कुणी अक्षर बोलायचं नाही. सकाळ गेली तरी नाही. मला तुझ्या काकांची काळजी नाही, तुझी आहे. तू तुझ्या आईच्या, आमच्या कालूच्या पोटात तरी गप्प होतास की नाही, देव जाणे.

कालूला सांग, कोकमं पाठवतो. तुझ्या डोक्यालाही थोडी चोळ.

वाट बघणारा,
कुशामामा

परळ,
२५ नोव्हेंबर २०२४

ति. मामास,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. काल संध्याकाळी दादरला गेलो होतो. काकांनी चहा दिला, काठी दाखवली, सगळं छान चाललं होतं. मी म्हटलं की सुरमई पक्की, माझी हमी. ते म्हणाले, हमी कसली, ते दर रविवारी वरळीच्या खडकांवर बसतात आणि बहुतेक वेळा रिकामेच येतात. मी म्हटलं, मग एवढी महागाची काठी घेतली कशाला. ते हसून म्हणाले की तुला धीर नाही, कॉलेजही बहुतेक असंच सुटलं असेल. मामा, ते माझ्या डोक्यातच गेलं. उठलो आणि बाहेर पडताना दार असं आपटलं की त्यांची नावाची पाटी खाली पडली. उचलायलाही थांबलो नाही.

नूपुरने फोनवर इतकंच सांगितलं की पाटी तिच्या आईने करून घेतली होती, तिची आई आता नाही. मग पहिल्यांदा तिने फोन ठेवला. आता तो हितेंद्र येणार, पोहे खाणार आणि मी गऱ्या मोजत बसणार.

होडीचं रद्द कर.

अवधूत

आचरा,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. अवधूत यास,
आशीर्वाद. शहाणपणही सोबत पाठवलं असतं, पण तुमच्याकडचं पोस्ट ते पोचवील असं वाटत नाही.

काहीही रद्द केलेलं नाही. रिकामा परत येऊन पुढल्या रविवारी पुन्हा जातो, त्या माणसाला तू माशाची लालूच दाखवलीस. त्याला मासा कुठे हवाय?

रविवारी वरळीला जा. आधी पाटीची माफी माग, एका वाक्यात. मग आपली दोरी टाकून त्यांच्या बाजूला बस. ते उठेपर्यंत उठायचं नाही आणि ते बोलल्याशिवाय बोलायचं नाही. आमच्या होडीत बसायची तीच परीक्षा समज. नापास झालास तर मामीने लाडू केलेत, ते एकट्याने येऊन खा.

तुझाच,
कुशामामा

परळ,
७ डिसेंबर २०२४

ति. मामास,
सा. न. वि. वि.

हे पोस्टात टाकत नाही, उद्या हातात देईन. होडीत बोलता येणार नाही म्हणून लिहून आणतोय.

त्या रविवारी पाटीची माफी एका वाक्यात मागून बसलो. पहिली दोरी खडकात तुटली, दुसरी काकांच्या दोरीत गुंतली. ते मान खाली घालून सोडवत राहिले. हितेंद्र, नूपुर, पाटी, सगळं जिभेवर आलं होतं. दात आवळून बसलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मला एक मिशीवाला शिंगाळा लागला, बोटाएवढा. मी ओरडणार होतो, ओरडलो नाही. काकांनी तो काटा टोचू न देता सोडवून पाण्यात टाकला. मग दोरी गुंडाळताना विचारलं की तुझ्या मामाच्या होडीत पाठ टेकायला काही असतं का. मामा, एवढंच बोलले. लग्नाचं नाही, हितेंद्रचं नाही.

म्हणजे हो की नाही, ते मला कळलेलं नाही. नूपुरला विचारलं, तर म्हणे, ते बाबा होडीतच ठरवतील, आणि ती येणार नाही. तिने पाटी चिकटवली आहे, मधली चीर दिसते. कालपासून पाय एका जागी ठरत नाहीत, आई म्हणते लाद्या झिजतील. उद्या मासा लागेपर्यंत मी गप्प बसेन. नंतरचं माहीत नाही.

काका टॅक्सी न घेता चालत आलेत, खाली हाक न मारता उभे आहेत. आई पूजेला बसली आहे. तुझा लोभ आज जरा जास्तच लागणार. निघतो. दार ओढून घेतोय, आवाज न करता.

अवधूत