ह्रदयास बळ, मनास धीर

३ तारीख, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून आरोग्य. येत्या एकवीसला मला बावन्न पूर्ण. वडील बावन्नचे असतानाच गेले, ह्रदयाने. त्याचा आणि माझ्या निश्चयाचा संबंध नाही. नुसती नोंद.

बायको म्हणते, डॉक्टरांकडे जाऊन एकदा ईसीजी काढा. डॉक्टरांकडे गेलं की काहीतरी निघतंच. गेलं नाही तर निघत नाही. एवढं साधं आहे.

आणि मी मसाल्याच्या कारखान्यातला माणूस. पाकिटांच्या मागचा मजकूर एकोणीस वर्षं मीच लिहितो. मला कोण काय सांगणार?

४ तारीख
ऑफिसात प्रूफवाल्या बाईंनी पुन्हा माझ्या 'ह्रदया'वर लाल फुली मारली. म्हणे ह ला ऋकार हवा. एकोणीस वर्षं मी असंच लिहितोय, एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही.

संध्याकाळी माळ्यावरून मसाल्याचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकणाच्या आत पिवळी पडलेली छापील चिठ्ठी, खालची कड झिजलेली. 'दालचिनी, मिरी, लवंग, मेथी. नित्य सेवनाने ह्रदयास बळ, मनास धीर.' वाचून अंगावर काटा आला. जुनी माणसं! आधी स्वतः अनुभव घ्यायची, मग लिहायची. आमच्यासारखी पोटभरू नव्हेत.

शिवाय ही चिठ्ठी लिहिणाऱ्यानेही 'ह्रदय' माझ्यासारखंच लिहिलंय. फोटो काढून ठेवला.

५ तारीख. सकाळी ६.१५
चारही कुटून एक चमचा, अनशापोटी. डोळ्यांतून धारा. बायकोने विचारलं रडताय का. सर्दी म्हणालो.

७ तारीख
प्रूफवालीला फोटो दाखवला. तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुठे मिळालं विचारलं. घरचं आहे, फार जुनं, म्हणालो. लिहिणाऱ्याला भेटायला आवडेल म्हणाली. तो कधीच वारला असेल, म्हणालो. ती तोंडाला रुमाल लावून घाईने बाहेर गेली. हरली बिचारी.

११ तारीख
छातीत जळजळ. मधोमध. थोडी डावीकडेच. म्हणजे औषध जागेवर पोचलंय. ह्रदय आणखी बळ मागतंय. डोस दोन चमचे.

नाडी ९२. पुन्हा मोजली, ९८. मोजल्यामुळे वाढते. मोजणं कायमचं बंद.
६.५५: १०४.

१४ तारीख
तीन चमचे. लवंगांची बरणी रिकामी कशी झाली, असं बायकोने विचारलं. मुंग्या, म्हणालो. लवंग खाणाऱ्या मुंग्या तिने जन्मात पाहिल्या नाहीत म्हणे. मग ऐकून घ्यावं लागलं. मसाला चिमटीने घालायचा असतो. तिची आई नुसत्या वासावरून ओळखायची, भाजीला आणखी काही हवं की पुरे. आधी भाजीची चव लागली पाहिजे, मसाला तिच्या मागून. मी म्हणालो तो स्वयंपाक झाला, हे शास्त्र आहे. शास्त्र कसलं ते सांगितलं नाही.

ऑफिसच्या जिन्यात बसावं लागलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ थांबले, काय झालं म्हणाले. बुटाची नाडी बांधतोय म्हणालो. पायात चपला होत्या.

१७ तारीख. दुपारी
रजा. घाबरलो वगैरे नाही. कपाट आवरलं. विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते बायकोला सहज सांगून ठेवलं.

तिने हातातली सुरी खाली ठेवली. काय होतंय ते आत्ताच्या आत्ता सांगा म्हणाली. छातीवर हात ठेवून दाखवला. मग एकदम सगळं बाहेर पडलं. मला मरायचं नाही, रोज सकाळी उठल्यावर आधी मी आहे की नाही ते बघतो, असं म्हणालो. मोठ्याने म्हणालो. शेजारी ऐकू गेलं असेल.

रोज काय खाताय, तिने विचारलं. मी उठून डब्याचं झाकण आणलं आणि पुरावा म्हणून तिच्यासमोर धरलं. तिने वाचलं आणि फरशीवर बसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, खरंखुरं.

म्हणाली, अहो, हे तुमचंच आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात पहिलं पाकीट छापून आलं तेव्हा मीच कौतुकाने कापून चिकटवलं. मालकांना सकाळी मजकूर हवा होता, पाकिटावर चार बोटं जागा रिकामी राहत होती, आणि तुम्ही याच टेबलाशी डोकं धरून बसला होतात. 'ह्रदयास बळ' तुमचं. ओळ तोकडी पडत होती, म्हणून 'मनास धीर' मी सुचवलं. दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तुमचे वडील त्याच महिन्यात गेले होते, म्हणून तुम्ही ह्रदय लिहिलंत, असंही म्हणाली. मला आठवत नाही.

आठवतं.

२१ तारीख
बावन्न पूर्ण. डॉक्टर. छातीला तारा लावल्या तेव्हा बायको पडद्याच्या अलीकडे माझा शर्ट आणि चष्मा धरून उभी होती. यंत्रातून पट्टी बाहेर येत होती, ती थांबूच नये असं वाटत होतं.

ह्रदयाला काही झालेलं नाही. पित्त आहे. पोट आतून सोलवटलंय. हे कुणाच्या सल्ल्याने घेतलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. एका जुन्या जाणकाराच्या, म्हणालो. बायको खोकली. त्या जाणकाराला पुन्हा विचारू नका म्हणाले. महिनाभर मसाला बंद.

वाढदिवसाचं जेवण: मऊ भात आणि मीठ. समोर बसून बायकोनेही तेच खाल्लं, तिला कुणी बंदी घातलेली नसताना. धीर तिचाच होता, चिठ्ठीतलं तेवढं खरं निघालं.

डॉक्टरांचा कागद आत्ता पुन्हा पाहिला. 'हृदय उत्तम' असं लिहिलंय. ह ला ऋकार.

ऑफिसात हे कुणाला सांगणार नाही.