सात दिवसांच्या आत

पप्पा, कंपनीतून आलेलं ते इंग्रजी पत्र मी तुम्हाला पूर्ण वाचून दाखवलं नव्हतं.

मी नववीत होते. आपण उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो आणि तुम्ही अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होतात. त्या वर्षी तुमचे पीस रिजेक्ट व्हायला लागले होते. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, मापाच्या बारीक रेषा दिसत नव्हत्या, आणि हे तुम्ही आईशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेजारचे काका आपल्याकडे चहाला बसलेत. तुम्ही लिफाफा माझ्या हातात देता आणि त्यांना सांगता, "पोरगी वाचेल. इंग्लिश मिडियमला आहे." मी वाचते. 'इनएफिशियंट'ला अडते. "म्हणजे काय गं?" तुम्ही विचारता. "काम स्लो आहे, असं म्हणतायत." तुम्ही मान हलवता. "बरं. हात जरा उचलायला पाहिजे." खाली अजून एक लांबलचक वाक्य आहे, त्यात मधेच 'फेलिंग विच'. फेलिंग म्हणजे नापास, एवढंच मला येतं; 'तसं न केल्यास' हा अर्थ मला फार पुढे कळला. काकांसमोर 'समजत नाही' म्हणायला जीभ उचलत नाही. मी कागदाची घडी घालते. "बाकी काही नाही, साहेबांची सही आहे."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तासभर आधी कामावर जायला लागलात. दोन आठवड्यांत तुम्हाला काढलं. ते दुसरं पत्र युनियनच्या माणसाने वाचलं, तेव्हा कुठे तुम्ही त्याला डोळ्यांचं सांगितलंत. "अहो, सात दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. नाही दिलात, म्हणून आरोप मान्य धरलाय. डोळ्यांचं लिहिलं असतं तर मुदत मिळाली असती." मी दाराला टेकून उभी होते. तुम्ही म्हणालात, "माझ्याच ध्यानातून गेलं." माझ्याकडे पाहिलंही नाहीत. पुढे ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ आली, पण तोवर लेथ गेला होता. शेवटपर्यंत तुम्ही जीन्सच्या एका कारखान्यावर वॉचमन होतात. मी ते वाक्य गाळलं हे तुम्हाला माहीत होतं का, असं विचारायचं मी वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहिले, आणि मग तुम्हीच गेलात.

आता मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते आणि अंबरनाथलाच एका कंपनीच्या ऑफिसात बसते. माणसांना द्यायची पत्रं मीच लिहिते. इनएफिशियंट, इनकॉम्पिटंट, अनफिट, इनकेपेबल, कुठला शब्द कुठे बसतो ते मला आता झोपेतही सांगता येईल. आपल्याकडे 'त्याला जमत नाही' म्हणतात, त्यात उद्या जमेल अशी थोडी जागा असते. या शब्दांत ती नसते. नोकरी सोडायचं मनात येतं, पण या वयात मला दुसरं काय येतं?

गेल्या महिन्यात पॅकिंगमधल्या एका बाईंचं पत्र करायला सांगितलं. मनगट सुजल्यामुळे त्यांचा हात मंदावला होता. मी 'स्लो' लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, स्लो मत लिखो. इनकॉम्पिटंट लिखो, बाद में झंझट नहीं." मी लिहिलं. दुपारी त्या पत्र घेऊन माझ्याच टेबलापाशी आल्या. "मॅडम, काय लिहिलंय ओ यात?"

मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. सात दिवसांचं दोनदा सांगितलं. "डॉक्टरचा कागद जोडा आणि उत्तर द्या."

"मला कुठलं इंग्रजी येतंय. तुम्हीच द्या ना लिहून."

मी घरी बसून त्यांच्या बाजूने खुलासा लिहिला. त्यांनी खाली मराठीत सही केली आणि चौथ्या दिवशी दिला. साहेबांनी तो वाचला, कुणी लिहिलाय ते विचारलं नाही, आणि माझ्यापुढे सरकवला. "इसका जवाब बना दो."

मी दोन दिवस काढले. मग बनवला. बाईंना शुक्रवारी काढलं. जाताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या, "तुम्ही केलंत तेवढं कोण करतं," म्हणाल्या.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. बाईंचा खुलासा आणि त्याला दिलेला जवाब, मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, पप्पा. त्या दोन्हींत कंपनीकडून लिहिलेला जास्त चांगला उतरलाय.