होडीला घातलेलं विरजण

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
ता. मुळशी, फाल्गुन वद्य त्रयोदशी

चि. शेखर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू एसटीतून पाठवलेलं सगळं पोचलं: रंगाचा मोठा डबा एक, सोबतचा हार्डनरचा लहान डबा एक, थिनर दोन लिटर. मिळून चार हजार दोनशे, वर कंडक्टरने पन्नास घेतले. तुझी कंबर कशी आहे? ओव्याचं तेल चोळ (विकतचा मलम आणू नकोस). इकडे देवीच्या कृपेने सर्व क्षेम आहे, होडी सोडून.

तुझे दाजी साध्या ऑइलपेंटवर अडून बसले होते, ते तुला ठाऊकच आहे. दोन डब्यांचा रंग दहा वर्षं पाण्यात हलत नाही, हे त्यांना तूच पटवलंस. मग पौडचे अमजदभाई कंप्रेसर आणि रंग फवारायची गन घेऊन आले. मोजमापाला माझा हात बसलेला, म्हणून रंग कालवायचं काम माझ्याकडे आलं. डब्यावर चाराला एक असं लिहिलं होतं खरं, पण लहान डब्याची किंमत वाचून माझा हात आखडला. शिवाय अमजदभाईच म्हणाले, "त्याच्यामुळंच रंग धरतो, वहिनी." आता पातेलंभर दुधाचं दही धरायला चमचाभर विरजण पुरतं, वाटीभर कुणी घालतं का? मी दोन चमचे घातलं (होडी मोठी म्हणून). "समदं घातलं ना?" त्यांनी विचारलं. "लागेल तेवढं घातलं," मी म्हणाले. खोटं बोलले नाही.

रंग आरशासारखा बसला. मी हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. आज बारावा दिवस, अक्षता अजून तिथेच आहेत. काल दाजी बसून बघायला गेले. त्यांना उठवायला शेजारचे हैबतराव आणि अमजदभाई असे दोघे लागले, आणि पायजम्याचा मागचा भाग होडीतच राहिला.

चैत्र पौर्णिमेला याच होडीतून देवीची पालखी धरणापलीकडच्या देवळात जाते. तीन पिढ्यांचा आमच्या घरचा मान. देवी बसली आणि पलीकडे उतरलीच नाही, तर गावाला काय सांगायचं? हैबतराव लगेच म्हणाले, "औंदा आमची होडी न्या की." तेव्हापासून दाजींचं जेवणात लक्ष नाही. "तुझ्या भावानं नासका माल दिला. त्याचं नाव ह्या घरात काढू नगंस," असं मला बजावलं. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

तुझी,
गौतमी अक्का

ता. क. अमजदभाई म्हणतात, सगळं खरवडून नव्याने मारावं लागेल. बिचारे मजुरी न घेता खरवडायला बसलेत. तरी मोठा डबा एक लगेच पाठव. लहान पाठवू नकोस, तो जवळजवळ भरलेला आहे. झाकण घट्ट लावून देव्हाऱ्यामागे ठेवलाय. बघ, काटकसर वाया गेली नाही.

आणखी एक. तुझ्यावरचा आळ मीच उतरवणार आहे, देवीपुढे तसं कबूल केलंय. यांना पौर्णिमेला सांगेन, होडी पाण्याच्या मध्यावर पोचली की, म्हणजे त्यांना उठून जाता येणार नाही. फोन करू नकोस, ते स्पीकरवर ऐकतात. पाकिटावर माझं नाव घालून, डबा कोणत्या गाडीने येतो ते उलट टपाली कळव.