कंडक्टरच्या शेजारची जागा

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या मुलीचा हेवा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तू घरात तिचं नाव घ्यायचीस, म्हणून मी ते कधी घेतलं नाही. आजही घेत नाही.

२०१४ साली तुला सकाळच्या कासा-डहाणू एसटीवर कंडक्टरची ड्युटी लागली. ती चारोटीला चढायची. पाड्यावरून तासभर चालत यायची, तिच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. कॉलेजात ती माझ्याच वर्गात होती, तरी आमचं बोलणं बेताचंच. संध्याकाळी बोंबील साफ करता करता तू तिच्याच गोष्टी सांगायचीस. "आज काय म्हणाली माहितीये?" मी समोर कांदा चिरत बसलेली. माझा दिवस कसा गेला ते तू विचारशील म्हणून वाट बघायचे, आणि तेवढ्यात तुझा डोळा लागायचा.

एका शनिवारी तुला न सांगता मी जीपने चारोटीला गेले आणि तोंडाला ओढणी गुंडाळून तुझ्या गाडीत मागे बसले. तुझ्या शेजारच्या जागेवर पाण्याची बाटली ठेवलेली होती. ती चढली तशी तू बाटली उचललीस, डब्यातली अर्धी भाकरी सुकटीची चटणी घालून तिच्या हातात दिलीस. ती "मावशी" म्हणत हळूच काहीतरी बोलली आणि तू एवढ्या मोठ्याने हसलीस की ड्रायव्हरकाकांनी आरशात बघितलं. तुला तसं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं. मग तिकिटं फाडत तू माझ्यापर्यंत आलीस. "कुठं?" म्हणालीस, आणि डोळ्यांवरून मला ओळखलंस.

"आई कंडक्टर आहे म्हणून फुकट नाही हां. तिकीट काढ."

आजूबाजूचे हसले. तीही हसली.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, ती गाडीतून उतरून गेल्यावर तुला डेपोत कळलं आणि तू मला फोन करून बजावलंस, "उद्या माझी गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला दिलीय, सकाळची फेरी रद्द. तिला सांग, सातची जीप पकड म्हणावं. विसरू नकोस." दुपारी कॉलेजात ती माझ्या पुढच्याच बाकावर होती. वेणीला लाल रिबन होती, ती मी तासभर बघत राहिले. सांगितलं मात्र नाही.

ती नऊ वाजेपर्यंत चारोटीला उभी राहिली. नंतरच्या जिपा भरून येत होत्या. कॉलेजात पोचली तेव्हा प्रॅक्टिकल संपलं होतं. तिचं ते वर्ष गेलं.

"तू सांगितलं होतंस ना?" तू मला विचारलंस.

"सांगितलं होतं. तीच विसरली असेल."

दुसऱ्या दिवशी गाडीत तू तिला खूप बोललीस. घरी येऊन म्हणालीस, "एवढी बोलले, पण उलटून एक शब्द नाही. नुसती मान खाली घालून बसली." तुझे डोळे भरून आले होते. मी निरोप दिलाच नव्हता हे तिने का सांगितलं नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तू मला खोटारडी समजू नयेस, एवढंच तिला वाटलं असावं. तेव्हा मात्र त्याने माझी आग जास्तच झाली.

पुढच्या वर्षी ती पास झाली. नर्सिंगला गेली. २०१८ मध्ये तू आजारी पडून गेलीस, तेव्हा ती आली, मागे उभी राहून रडली आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

गेल्या महिन्यात मी माझ्या मुलीला लस द्यायला कासाच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तर सुई घेऊन समोर तीच. तिने मुलीला मांडीवर घेतलं, अलगद टोचलं, रडू थांबेपर्यंत थोपटत राहिली. जुनं काही काढलं नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली.

"एक विचारू? मावशी घरी कधी माझ्याबद्दल बोलायच्या का गं?"

मी मुलीचं टोपडं नीट केलं. "नाही गं," म्हणाले, "घरी आली की दमून झोपायची."

ती "हो, दमायच्याच त्या" म्हणाली आणि आत गेली. मी अजूनही परत जाऊन तिला खरं सांगितलेलं नाही.