चैतीचा हात

१४ ऑक्टोबर
जव्हारहून एसटीने खोडाळ्याला पोचलो. नोकरीतली चौथी बदली, पण या वेळी जागा छान मिळाली. दवाखान्यामागेच खोली, खिडकीतून पिकलेला भात, खाणावळीत नागलीची गरम भाकरी. मी साधा पशुधन पर्यवेक्षक, तरी सगळे डॉक्टरच म्हणतात. मीही खोडून काढत नाही. बायकोला फोनवर सांगितलं, इथे दिवस बरे जातील.

२३ ऑक्टोबर
पोशेऱ्याकडच्या पाड्यावर जिवाची गाय पाहिली. तोंडातून लाळेच्या तारा, चारापाणी बंद, हंबरणं घोगरं. घशात काहीतरी अडकलंय, असं मीच सांगितलं. हातमोजे संपलेले, आणि माझा पंजा फावड्याएवढा. जिवाच्या बायकोचा, चैतीचा, हात बारीक. तिलाच घालायला लावला. काही सापडलं नाही, दाढेने मनगट तेवढं सोललं. पाण्याने धू म्हटलं आणि पुढच्या पाड्याला निघालो. सकाळपासून चालून पाय दुखत होते.

२६ ऑक्टोबर
गाय मेली. जिवा बोलता बोलता म्हणाला, गणपतीत त्यांचा कुत्रा पिसाळला होता, गायीला चावून मग मेला. गायीच्या मेंदूचा नमुना तपासणीला पाठवला. चैतीला आजच सुया घ्यायला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. साहेब विचारतील, बाईला हात कुणी घालायला लावला? रिपोर्ट येऊ दे, मग बघू.

७ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. रेबीज.
पाड्यावर धावलो. जिवाच्या दाराला कडी. दिवाळी उरकून दोघं वीटभट्टीवर गेली. वसईकडे की भिवंडीकडे, ते शेजारच्या नवशीलाही माहीत नाही. फोन बंद.

१९ नोव्हेंबर
सगळं कबूल केलं, वरही कळवलं. रजा टाकून भट्ट्या हिंडतोय. मनगट सोललेली बाई कुठे आहे, विचारतो. मुकादम हसतात. इथे सगळ्यांचेच हात सोललेले.

२ डिसेंबर
सतरावी भट्टी. चालवत नाही. काही झालं नसेल तिला, असं मनाला— लाज वाटते.

५ डिसेंबर
जिवाचाच फोन. परक्या नंबरवरून. औषध विचारायला.
दोन दिवस चैतीने पाणी घेतलं नाही. पेला जवळ नेला की दचकते—
लांब राहा, मी ओरडलो. तो मलाच धीर देऊ लागला.
“भिऊ नका डाक्टर. घशात काय तरी आडाकलाय तिचे. तुम्ही दावलात तसा मीच हात घालून बघला. चावली जराशी. पाण्याने धुतलाय.”
सुई, जिवा, आजच सुई— फोन तुटला.
पुन्हा लावतोय. बंद.
भट्टी कुठल्या गावची, ते विचारायचंच—