कैरीचा हिरवा रंग

माय, तू मला एकदाच मारलंस, आणि तेही रिसोडच्या भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. मी बारा वर्षांची होते. आपल्या बर्फगोळ्याच्या गाडीसाठी कैरीचा रंग पहिल्यांदाच मी एकटीनं, घरातल्या पितळी पातेल्यात, तुझ्या त्या गंजात, शिजवून आणला होता. तुझा रंग दरवर्षी मातकट पिवळा निघायचा, माझा मात्र हिरवागार आला, म्हणून मान ताठ. तू बाटली उन्हात धरलीस, माझ्या कानाखाली दिलीस आणि सगळा रंग नालीत ओतलास. "कल्हई उडाली त्या गंजात आंबट शिजवलं? पितळ उतरते त्याच्यात. लेकरं मारतं का कोनाची?" मला इतका राग आला होता की दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

आता गाडी माझी आहे. स्टीलच्या भांड्यात पाक खाली लागतो, म्हणून परवा तुझा तो पितळी गंज माळ्यावरून काढला. बुडाशी तळहाताएवढी कल्हई गेलेली. मी पाहिलं, माय. दिसलं नाही असं म्हणणार नाही. कल्हईवाला आता आपल्या गल्लीत फिरकत नाही, आणि एका खेपेनं काय होणार आहे, असं म्हणून मी कैरीचा गर आणि साखर त्यातच चढवली, सकाळपर्यंत त्यातच निवू दिली. झाकण काढलं तर पोपटी रंग. तरी बाटल्या भरल्या. "काकू, यंदा कोनता रंग टाकला वो?" जो तो विचारत होता. "घरचाच हाय," मी सांगत होते, आणि वर हसत होते.

काल संध्याकाळपासून गल्लीतली दोन पोरं ओकत होती, ती सावरली. शेजारणीची सात वर्षांची मुलगी सावरली नाही. तिनं तीन गोळे खाल्ले होते, तिन्ही हिरवे. तिसरा मीच लाडानं दिला. आज दवाखान्यात गेले तर तिला सलाईन लावलेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? शेजारीण रडत म्हणाली, "गोया खाल्ला जी. बर्फ खराब असन." मग माझा हात धरून मला म्हणाली, "तुमीच सांगा ना बाई, बर्फच खराब होता ना?" मी म्हणाले, "बर्फच असन." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. तिनं माझा हात बराच वेळ सोडला नाही.

घरी येऊन मी आधी गंज चिंचेनं लख्ख घासला. मघाशी शेजारणीच्या नवऱ्याचा फोन आला, हाक मारली तरी पोर डोळे उघडत नाही म्हणे. दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे आणि मी तासभर तुला लिहीत बसले आहे. तू असतीस तर अनवाणी धावत जाऊन सांगितलं असतंस. म्हणूनच तुला लिहिते आहे, माय. तू आता जाऊ शकत नाहीस.