सावडणे

तीर्थरूप आईले, पुण्याहून अंकुरचा पायावर माथा.

मी बरा हाय. मेसवाली आता भाजीत बरोबर तिखट टाकते. तुहा गुडघा कसा हाय? काका तुरीची फवारणी करून देतात ना?

फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून लिहून राह्यलो. आमच्या ऑफिसात शब्दकोशाचं काम चालू हाय. परवा माह्या वाट्याले 'सावडणे' आला. मी अर्थ लिहिला, 'चिता थंड झाल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी व राख गोळा करणे.' शब्द कुठून आला, तेही लिहायचं होतं. मले आपलं खळं आठवलं. तुरीचे सांडलेले दाणे सुपात घेताना तू म्हणायची, "एकही सोडू नको, सावडून घे." मी लिहिलं, खळ्यावरूनच हा शब्द मसणवटीत गेला असावा.

मॅडम खुश झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः अस्थी सावडल्यात ना?"

मी हो म्हटलं.

आई, बाबाले अग्नी देऊन मी दुसऱ्याच दिवशी निघालो. सुटी नाही म्हटलं, ते खोटं होतं. आठ दिवसांची सुटी होती. बाबाचं हाड हातात घ्यायचं मले भेव वाटलं. मग तू वाकली त्या राखेत, असा गुडघा घेऊन.

राख तू आपल्या वावरात टाकली, असं काका म्हणे. कोणत्या धुऱ्याले, कोणत्या बांधाच्या कडेले, हे मी आजवर विचारलंच नाही. पोळ्याले येतो. वावरात पाय कुठं ठेवायचा नाही, तेवढं सांगजो.

तुहाच,
अंकुर